कमरेएवढ्या उंचीवरचा किरण

मार्लिस एन्गेब्रेट्सन वैतागली की हातातली चाव्यांची जुडी टेबलावर आपटते. नॉर्थ पाइन मॉलमध्ये माझं घड्याळाचे सेल बदलून द्यायचं छोटं दुकान आहे, तिच्या कचेरीच्या अगदी समोर. त्यामुळे गेली बावीस वर्षं मला दिवसाची वेळ घड्याळांपेक्षा त्या आपटण्यावरून अधिक चांगली कळते. सकाळी सहाला, दार उघडताना, पहिली आपट. आठला भोजनकट्ट्यावरचं तेलाचं धुराडं तुंबतं, तेव्हा दुसरी. डॅलसहून मालकांचा फोन आला की तिसरी, आणि ती सर्वांत मोठी.

मार्लिस या मॉलची व्यवस्थापक. मॉल उघडला त्या वर्षी ती इथे फुगे वाटायला लागली आणि मग गेलीच नाही. आता तिला एकसष्टावं लागलंय. मॉल मात्र मधल्या काळात चार वेळा मरता मरता वाचला, आणि दर वेळी त्याला उठवून बसवलं ते हिनं. मोठं कापड दुकान बंद पडलं, तेव्हा तिनं तिथे सरपटणाऱ्या प्राण्यांचं प्रदर्शन भरवलं. एक अजगर तीन दिवस सापडला नाही. तरुण मंडळी यावीत म्हणून भिंतीवर पंख रंगवून घेतले, की पुढे उभं राहून फोटो काढावेत. फोटो काढले ते सगळे सत्तरीच्या आजीबाईंनी. लोक घरबसल्या वस्तू मागवायला लागले, तेव्हा तिनं त्या परत करायची खिडकीच इथे सुरू करून घेतली. "जो आपल्याला गिळतोय," ती म्हणायची, "त्याचं अजीर्ण तरी आपल्या दारात होऊ दे."

पण या हिवाळ्यात डॅलसवाल्यांना नवीन खूळ सुचलं. बंदिस्त मॉलचे दिवस गेले, म्हणे. छप्पर काढून टाकायचं, दुकानांची तोंडं बाहेर वळवायची, मध्ये मोकळा रस्ता, बाकं, दिव्यांच्या माळा. ट्रेवर नावाच्या त्यांच्या माणसानं चित्रही पाठवलं. चित्रातली माणसं अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून आइस्क्रीम खात होती.

"आज बाहेर किती आहे?" मार्लिसनं मला विचारलं.

"उणे सव्वीस."

जुडी आपटली.

एक सवलत मात्र मिळाली. फेब्रुवारीअखेर रोज सरासरी दोन हजार माणसं आत दिसली, तर छप्पर राहील. त्यासाठी कंपनीनं माणसं मोजायचं यंत्र पाठवलं: मुख्य पॅसेजच्या दोन खांबांवर दोन काळ्या डब्या आणि त्यांच्या मधोमध कमरेएवढ्या उंचीवर एक न दिसणारा किरण. किरण तुटला की एक माणूस. पहिल्याच आठवड्याची सरासरी आली दोन हजार तीनशे.

मार्लिसला इतकं खुश मी अजगर सापडला त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. तिनं तो आकडा लगेच शेजारच्या गावातल्या इस्पितळाला कळवला. हाडं आणि सांध्यांच्या दवाखान्यासाठी त्यांना जागा हवी होती, आणि मार्लिस दोन वर्षं त्यांच्या मागे लागली होती. दवाखाना आला, तर बंद पडलेलं कापड दुकान भरणार होतं. यायला तयार नसलेल्या तिथल्या डॉक्टर वांग बाई आकडा पाहून यायला तयार झाल्या. मग लिंबाच्या वड्यांचा भला मोठा ट्रे घेऊन मार्लिस फिरत्यांच्या टेबलावर गेली.

फिरते म्हणजे आमचे सकाळचे एकशेसाठ म्हातारे-म्हाताऱ्या. बाहेर बर्फावर पाय घसरला की खुबा गेलाच, म्हणून ते रोज सहाला येतात, कोट गाडीतच ठेवतात, मॉलच्या बारा फेऱ्या मारतात, एक कॉफी घेऊन दोन तास बसतात आणि दुसरं काहीही न घेता घरी जातात. त्यांचे पुढारी हार्लन लिंडक्विस्ट, वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं गावच्या शाळेत गणित शिकवलं. मार्लिस त्यांचीच विद्यार्थिनी.

"दोन हजार तीनशे!" मार्लिस म्हणाली. "घ्या, वड्या घ्या!"

हार्लन सरांनी वडी घेतली, पण खाल्ली नाही. "कुठे आहेत गं ही माणसं? मला तर तीच तीच तोंडं दिसतात."

"यंत्र सांगतंय, सर."

"यंत्र पॅसेजमध्ये आहे. आम्ही तिथून प्रत्येक फेरीत जातो." त्यांनी कागदी रुमालावर पेन चालवलं. "एकशेसाठ गुणिले बारा, एक हजार नऊशेवीस. म्हणजे बाहेरचे आले तीनशेऐंशी. आम्ही एकशेसाठ. खरी माणसं पाचशेचाळीस."

आर्लीन माकीनं, जी चर्चमध्ये पेटी वाजवते, हातातली अर्धी वडी परत ट्रेमध्ये ठेवली.

"सर," मार्लिस दात आवळून म्हणाली, "हा हिशेब तुम्हाला कुणी मागितला होता का?"

"गणितात असं नसतं बाळा."

त्याच दुपारी तिनं डॅलसला खरं काय ते लिहून कळवलं. उत्तर आलं: आकडा उत्तम आहे, यंत्राला हात लावू नका. तिला वाटलं, आपलं काम झालं. सांगायचं ते सांगितलं, आता छप्पर वाचू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं आणि बघतो तो काय, हार्लन सर खांबापाशी आले, थांबले, गुडघे वाकवले आणि डोकं खाली घालून किरणाखालून पलीकडे गेले. मागोमाग आर्लीन. तिच्यामागे सगळा तांडा, कॉफीचे पेले सांभाळत. पहिल्या फेरीला ताठ, उरलेल्या अकरा फेऱ्यांना ओणवे. कुणी हसत नव्हतं. चर्चमध्ये गुडघे टेकावेत इतक्या गांभीर्यानं चाललं होतं सगळं.

मार्लिस धावत आली. "हे काय चाललंय?"

"एक माणूस एकदाच मोजला गेला पाहिजे," सर खालूनच म्हणाले.

"मी कळवलंय त्यांना! ते म्हणाले, चालेल!"

"त्यांना चालेल गं. आम्हाला कसं चालेल?"

"छप्पर गेलं, तर कुठे फिराल? गोठलेल्या तळ्यावर?"

"ते वाईट होईल," आर्लीन उठता उठता म्हणाली, आणि कमरेवर हात ठेवून पुढे गेली.

मार्लिसनं सगळं करून पाहिलं. रागावली, विनवलं, कॉफी फुकट केली, कॉफी बंद केली. एकदा तर खांबांच्या मध्ये आडवी उभी राहिली, तर मंडळी तिच्या बाजूनं वाकून गेली. "एकशेसाठ माणसं," ती माझ्या काउंटरवर कपाळ टेकून म्हणाली, "त्यात एकाला तरी थोडी लबाडी यायला नको? एकाला?" आकडा पाचशेचाळीसवर आला आणि तिथेच बसला.

पाच आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी, ट्रेवर आला. पातळ बूट, कान लालबुंद. त्याच सकाळी डॉक्टर वांगही आल्या, कारण मार्लिसनं दोघांना एकत्र बोलावलं होतं ते आकडा चांगला असताना. त्या येण्याआधी तिनं बाईंना फोन करून खरा आकडा सांगितला होता. "सरांचा वारा लागला मला," हे सांगताना जुडी दोनदा आपटली होती.

ट्रेवर फोनमधला आकडा बघत होता. "पाचशेचाळीस? पण इथे तर गर्दी दिसतेय." मग त्याला पॅसेज दिसला. "हे लोक... काय करताहेत?"

हार्लन सरांनी गुणाकारासकट समजावलं.

"अहो, पण मग वाकू नका ना!" ट्रेवर म्हणाला.

"तू कुठल्या शाळेत होतास?" सरांनी विचारलं.

डॉक्टर वांग मात्र बघत होत्या ते गुडघ्यांकडे. "रोज अकरा वेळा? पाच आठवडे? कुणाला दुखत नाही?"

"नाही नाही," मंडळी म्हणाली. "तसं काही विशेष नाही." आमच्याकडे माणूस पाय तुटला तरी "तसं काही विशेष नाही" म्हणतो आणि तुमची तब्येत विचारतो.

तेव्हा मार्लिसचा बांध फुटला.

"विशेष नाही? आर्लीन, काल माझ्या खुर्चीतून तुला उठवायला दोन माणसं लागली! सर, तुम्ही बुटाची नाडी बांधायला शेजाऱ्याला बोलावता, त्याच्या बायकोनं सांगितलं मला! सगळ्यांच्या कमरा गेल्यात, एकजण बोलत नाही! खोटं चालत नाही ना तुम्हाला? मग हे काय आहे?"

हार्लन सरांनी बराच विचार केला. "मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले आणि हात वर केला. "डावा गुडघा. आणि पाठ." मग आर्लीनचा हात वर गेला. मग हातच हात.

डॉक्टर वांग हसल्या नाहीत. त्या ट्रेवरकडे वळल्या. "माझं सगळ्यात मोठं दुखणं काय आहे माहितीये? रुग्णाला दहा वेळा वाकायला सांगा, तो घरी जाऊन दोनदा वाकतो आणि दहा झाले म्हणून सांगतो. ही माणसं कुणी बघत नसताना अकरा म्हणजे अकरा वाकतात, तेही चुकीच्या पद्धतीनं. मला कापड दुकानाची पूर्ण जागा हवी. दहा वर्षांसाठी. आणि छप्पर हवं. माझे रुग्ण बर्फातून चालत येणार नाहीत."

ट्रेवर बाहेर जाऊन डॅलसशी बोलला. त्या वाऱ्यात तो फार वेळ बोलू शकला नाही. तीन मिनिटांत आत आला आणि म्हणाला, छप्पर राहू दे.

दवाखाना मे महिन्यात उघडला. खांबांवरच्या डब्या निघाल्या, लोक पुन्हा ताठ चालायला लागले, निदान जमेल तेवढे. मार्लिस आता नव्या गोष्टींवरून वैतागते: फिरते डॉक्टरांच्या नऊच्या वेळेसाठी सहालाच येऊन प्रतीक्षाकक्षातल्या खुर्च्या अडवतात, आणि कॉफी आपली घरून आणतात.

परवा दवाखान्यानं आपल्या दारावर येणाऱ्यांची नोंद ठेवायला एक छोटं यंत्र बसवलं. तासाभरात हार्लन सर मार्लिसच्या कचेरीच्या दारात.

"एक शंका आहे. मी आठवड्यातून तीनदा येतो. मग मला एक मोजणार की तीन?"

आत चाव्यांची जुडी आपटली. मी घड्याळ पाहिलं नाही.