जागेवर काहीही आढळले नाही

तलाव खोदणाऱ्या पूर्वजांच्या आमच्या जिल्ह्यात आयुष्यभर जमिनीला बोटभर भोकसुद्धा न पाडलेला माणूस एकच आहे, आणि तो माझ्या ताईचा सासरा आहे. आमच्या गावाला लागून मुर्री आहे, तिथे त्यांचं बिछायत केंद्र आहे. लग्नाचे मांडव, तेरवीचे तंबू, शाळेच्या कार्यक्रमांचे मंच, सगळं तेच उभारतात आणि तेच उतरवतात. गाव त्यांना काकाजी म्हणतं, म्हणून मीही म्हणते. खांब रोवायचा नाही, जड लोखंडी पाटावर उभा करायचा. खिळा ठोकायचा नाही, दोरीनं बांधायचं. आणि उतरवल्यावर इथे मांडव होता हे कुत्र्यालाही कळता कामा नये, हा त्यांचा धर्म. घरातही तोच. एकाही भिंतीत खिळा नाही. कॅलेंडर दाराच्या कडीला, घड्याळ कपाटाला टेकवलेलं, आणि स्वर्गवासी वडिलांचा हार घातलेला फोटो खुर्चीवर बसलेला. पाहुणे आले की आधी वडिलांना उठवावं लागतं. ताईनं नव्या नवलाईत एकदा हातोडी मागितली, तर म्हणाले, "काऊन वं सूनबाई, भिंतीनं तुहं काय बिघडवलं?"

ताईच्या लग्नात मांडव आमच्या बाजूचा, म्हणजे दुसऱ्या बिछायतवाल्याचा. मंगलाष्टकं सुरू झाली आणि वरपिता जागेवर नाही. शोधलं तर मागच्या खांबापाशी, फेट्यासकट, एक गाठ सोडून पुन्हा बांधत उभे. माझे वडील समजूत घालायला गेले, तर त्यांच्याच हातात दोरीचं टोक देऊन म्हणाले, "धरा व्याही, ओढून धरा. हे सुटलं असतं न, तं अक्षता नवरा-नवरीवर नाही, आपल्या सगळ्यायवर कापडासंगं पडल्या असत्या." माझ्या वडिलांनी उभं आयुष्य पत्रकं छापण्यात आणि वाटण्यात घालवलं, ते कुठल्या पुढाऱ्याला भ्यायले नाहीत. त्या दिवशी त्यांनी निमूटपणे दोरी धरली.

अशा माणसानं गावच्या बाजाररस्त्यात लक्ष घालावं, ही गोष्ट माझ्यामुळे घडली. हा रस्ता दिवसा कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानांचा. आठला शटरं पडली की दिवे दुकानांबरोबरच मालकांच्या घरी जातात. उरतो अंधार आणि सायत्राबाईची मुंगवड्यांची गाडी. एका संध्याकाळी मी अभ्यासिकेतून परतत होते, फोन कानाला लावून. काकाजी समोरून आले. "कोणासंगं बोलून राहिली वं?" मी म्हटलं, "कोणाशीच नाही. अंधारात असं बोलत गेलं की कोणी जवळ येत नाही."  दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी बाजाररस्त्यात वाकून, वीतभर वीतभर करत रस्ता मोजताना दिसले. टेपवर त्यांचा विश्वास नाही.

दोन महिन्यांत त्यांनी घडीच्या सोळा लोखंडी चौकटी केल्या. सगळ्या एका मापाच्या, बाजेएवढ्या. कुठलाही बोल्ट कुठल्याही भोकात बसणार. फळी खाली लावली की बाक, वर लावली की मुंगवडे तळायचा ओटा. दोन जोडून कापड सोडलं की लेकराला पाजायला आडोसा. खाली चाकं, म्हणजे वरात आली, रुग्णवाहिका आली, तर सगळा रस्ता भिंतीला सरकणार. प्रत्येकीवर बॅटरीचा दिवा. आठला उभं करायचं, अकराला उतरवायचं, झाडून घ्यायचं. ज्यांच्या शहरात मोठमोठे वास्तुरचनाकार असतात, त्यांनी येऊन पाहावं असं हे काम होतं, आणि ते एका बिछायतवाल्यानं केलं होतं. नगरपालिकेच्या कचेरीनं पंधरा दिवस करून पाहायची परवानगी दिली. पसंत पडलं तर कायम, असं तिथले साहेब म्हणाले.

त्या पंधरा दिवसांत मी माझं गाव पहिल्यांदा पाहिलं. नर्सिंगच्या मुली ड्यूटी संपवून बाकावर बसल्या. नुसत्या बसल्या. माझ्या गावात बाईनं संध्याकाळनंतर रस्त्यावर असायचं तर तिला कारण लागतं: औषध आणायचंय, गाडी पकडायचीय. पुरुषाला पानठेल्यावर चार तास उभं राहायला कारण लागत नाही. सायत्राबाईनं गाडीशेजारी एका चौकटीचा ओटा केला, तिच्यापुढे गर्दी मावेना. ती काकाजींना म्हणाली, "काकाजी, तुमच्या दिव्यात माहे मुंगवडे काळे दिसून राहिले."

"दिव्याचं नाव कायले घेतं? काळेच तळतं तू."

मग पाहणीचा दिवस आला. कचेरी दहाला उघडते आणि संध्याकाळी बंद होते, म्हणून रात्रीच्या रस्त्याची पाहणी सकाळी अकराला. साहेब जीपमधून उतरले. रस्त्यावर दुकानं उघडी, गाड्या चालू, आणि काकाजींच्या कामाचा एक दोरासुद्धा नाही. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "अरे भाई, यहाँ तो कुछ है ही नहीं।" काकाजींचा चेहरा अभिमानानं फुलला. "तेच तं साहेब! काहीच नाही उरत." साहेबांनी कागदावर लिहिलं: स्थळ पाहणी केली असता जागेवर कोणतेही काम आढळून आले नाही.

मी भांडले. फोटो दाखवले, तर फोटो नियमात बसत नाहीत. रात्री या म्हटलं, तर रात्र नियमात बसत नाही. पगार आमच्या करातून घेणाऱ्यांना आमची संध्याकाळ दिसू नये, हा कुठला कारभार? शेवटी साहेब मेहेरबानी केल्यासारखे म्हणाले, आज रात्री उभं कराल ते उद्या सकाळपर्यंत तसंच राहू द्या, मी पाहून घेतो. एक रात्र. सायत्राबाईनं काकाजींचे पाय धरायचे बाकी ठेवले. मी म्हटलं, "काकाजी, एकदाच. यावर सगळं ठरणार आहे." ते "ठेवतो" म्हणाले.

सकाळी साडेसहाला मी गेले, तर रस्ता लख्ख झाडलेला. पहाटे चारला काकाजींनी एकट्यानं जाऊन सोळाच्या सोळा उतरवून नेल्या होत्या. मी रागानं मुर्रीला गेले. ते चहा पीत होते, डोळे तारवटलेले. "झोपच नाही आली वं," म्हणाले. "भाजीच्या गाड्या पाचले येते. शाळेचे ऑटो येते. लोकायची वाट अडवून मी घरी कसा निजू?"

त्या सकाळी मी त्यांना खूप बोलले. काय काय बोलले ते इथे लिहिण्याची मला लाज वाटते. साहेबांच्या कागदावर तीच ओळ कायम राहिली.

आता बाजाररस्त्यात सिमेंटचे ओटे आहेत. ते हलत नाहीत, म्हणून ते काम आहे. कोनशिलेवर नावं आहेत. दिवसा दुकानांची गिऱ्हाइकं त्यांना ठेचकाळतात आणि रात्री त्यांच्यावर दिवा नसतो. ओट्यांचं वाटप झालं, त्यात सायत्राबाईचं नाव नव्हतं. ती आता नागऱ्याच्या रस्त्याला, एका बंद पेट्रोल पंपासमोर गाडी लावते. मी तीन पत्रकं लिहिली, वाटली. लोकांनी घडी करून खिशात ठेवली.

यंदा लग्नसराईत काकाजींकडे सामान कमी पडलं. भाच्यानं त्या सोळा चौकटी न्यायला काढल्या, तर हे दारात आडवे उभे राहिले. "त्या बाजाराच्या आहेत," एवढंच म्हणाले. शेडच्या कोपऱ्यात त्या घडी करून उभ्या असतात, वर जुनी ताडपत्री. आठवड्यातून एकदा ते सांध्यांना तेल देतात. सायत्राबाई कधीमधी गाडीवर जाण्याआधी तिथे डोकावते, पदरानं हात पुसत उभी राहते.

"काकाजी, यातली माही कोणती होती जी?"

ते मान वर करत नाहीत. तेलाच्या बोटानं शेवटून तिसरी दाखवतात.