डाव्या पायाचं तुटलेलं नख

हे लिहायचं मी आठ वर्षं टाळलं. कधी डोळ्यांचं कारण काढलं, कधी हात थरथरतो म्हणालो. खरं म्हणजे मी घाबरत होतो आणि अजूनही घाबरतो. पण ज्या दोघींना सांगायला हवं होतं त्यातली एक आता राहिली नाही, म्हणून बसलो आहे.

मी जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होतो. निवृत्त झाल्यावर पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावी कोंबड्या पाळल्या. हैदराबादकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून बुटक्या जातीची, बँटमची, जोडी घेतली होती. कबुतराएवढा जीव, सोनेरी पिसं आणि प्रत्येक पिसाला काळी किनार. या जातीत एक अडचण असते. नराची शेपटी आणि मानेची पिसंही मादीसारखीच राहतात, त्यामुळे पिल्लांमधला नर ओळखायला तुऱ्याकडे बघत थांबावं लागतं. खात्री पटते ती तो आरवल्यावरच. हे मला पक्कं माहीत होतं. तरी गावात माझं नाव झालं होतं, की यांनी पिल्लू हातात धरलं की नर-मादी कळते. चार-सहा वेळा अंदाज बरोबर निघाला होता, एवढंच.

शेजारच्या वहिनींच्या मुलीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन्ही मुलं पोटातच गेली होती. त्यांच्या घरची रीत अशी, की दिवस राहिले की देवीच्या नावानं नर पिल्लू काढायचं, पायात लाल दोरा बांधायचा, घरच्या दाण्यावर वाढवायचं आणि पोटुशीला आठवा लागला की देवीला बळी द्यायचं. दोरा बांधला की ते बदलायचं नाही.

वहिनी आल्या तेव्हा पिल्लं पाच आठवड्यांची होती. अजून दोन-तीन महिने थांबा, एवढं म्हणायला हवं होतं. पण अंगणात आणखी बाया उभ्या होत्या. मी एक पिल्लू पाय धरून उलटं टांगलं. त्यानं मान वर उचलली. दवाखान्यातले जुने लोक त्यावरून नर सांगायचे. त्यात काही अर्थ नाही, हे मी स्वतःच कितीदा पाहिलं होतं.

"नक्की ना भाऊजी? माह्या पोरीच्या जिवाचा सवाल हाय."

"डोळे मिटून घेऊन जा वहिनी," मी म्हणालो.

पिल्लं चार महिन्यांची झाली तसे माझ्याकडचे त्याचे भाऊ आरवू लागले. वहिनींचं गप्प होतं. त्यांनी कुंपणावरून विचारलं, तेव्हा मी सांगितलं की बुटक्या जातीत एखादा उशिरा आरवतो. "तुमच्यासारखाच दिसते," त्या म्हणाल्या, "घरात तोंडच नाही उघडत." मीही हसलो. त्यानंतर रोज पहाटे मी अंथरुणात पडून त्यांच्या अंगणाकडे कान लावायचो.

सातव्या महिन्यात मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. पाखरू तिच्या मागेमागे फिरायचं, मांडीवर बसायचं. एकदा तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते पंख जरा पसरून खाली दबलं. मी कुंपणाच्या या बाजूनं बघत होतो. असं तलंग करते, म्हणजे पहिल्यांदा अंड्यावर आलेली कोंबडी. आठ-दहा दिवसांत देवीच्या नावाचा कोंबडा अंडं घालणार होता, तेही दोनदा पोळलेल्या त्या मुलीच्या पुढ्यात. तिनं अन्नपाणी सोडलं तर? आणि सगळे माझ्या दारात आले तर? माझी भीती तिच्यासाठी किती होती आणि माझ्या नावासाठी किती, याचं मला सोयीचं उत्तर आजही मिळत नाही.

मायलेकी तपासणीला यवतमाळला गेल्या होत्या, त्या दुपारी मी त्यांच्या अंगणात शिरलो. दोऱ्याची गाठ बोटांनी सुटेना, दातांनी सोडली. माझ्याकडच्या सगळ्यात लहान तुऱ्याच्या नराच्या पायात तो दोरा बांधला, त्याला तिथं ठेवलं आणि तलंग धोतराच्या सोग्यात लपवून घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आरवला. वहिनी वाटीभर साखर घेऊन आल्या आणि मला हाताला धरून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. मुलगी पाखरू मांडीवर घेऊन त्याचे पाय बघत होती.

"आई, हा तो नाही. त्याच्या डाव्या पायाचं नख तुटलेलं होतं. दारात चेंगरलं होतं ना."

"काहीबाही बोलू नको. देवीच्या कोंबड्यावर शंका घेऊन राह्यली तू." मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुमीच सांगा. तोच हाय ना हा?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

"तोच हाय," मी म्हणालो. "नख वाढते पोरी."

तिनं पाखरू मांडीवरून खाली सोडलं.

आठव्या महिन्यात कोंबडा देवीला दिला गेला. तलंग माझ्याकडे टोपलीखाली होती. ती ओरडली की मी टोपलीवर पोतं टाकायचो. शेवटी तिला पिशवीत घालून एसटीनं नेरला बहिणीकडे नेऊन सोडलं. वाटेत तिनं पिशवीतच अंडं घातलं. ते कोमट अंडं मी खिडकीतून बाहेर फेकलं आणि कोणी पाहिलं का म्हणून मागं वळून बघत बसलो.

मूल दोन दिवस जगलं. वजन फार कमी होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण वहिनींना तेवढं कारण पुरलं नाही. देवीच्या कोंबड्यावर शंका घेतली म्हणून असं झालं, असं त्या मुलीला एकदा रागात बोलल्या, आणि मग तेच बोलत राहिल्या. मी ते कुंपणाच्या या बाजूनं ऐकत होतो. दर वेळी उठायचो आणि दारापर्यंत जाऊन परत फिरायचो. मुलीनं माहेरी येणं सोडलं. वहिनी सणासुदीला रस्त्याकडे बघत बसायच्या, तेव्हा मी घराबाहेर पडत नसे.

वहिनी या हिवाळ्यात गेल्या. तेरवीला मुलगी आली होती. मी वाक्यं पाठ करून गेलो. तिनं स्वतः चहा आणून दिला.

"काका, कोंबड्या हायेत का अजून?"

"नाही," मी म्हणालो. "सोडून दिल्या."

ती पुढं काही विचारेल म्हणून मी थांबलो. चहा संपला, मी कप खाली ठेवला आणि उठून आलो. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसनं गेली.

मला म्हणायचं होतं ते एवढंच होतं. पोरी, नख वाढलं नव्हतं. पाखरू मी बदललं होतं. तू खरं बोलली होतीस, आणि त्या बोलण्यानं तुझ्या बाळाचं काही वाईट झालं नाही. मले माफ कर.