इंजेक्शननंतरचं दूध

लेक अडीच महिन्यांची होती तेव्हा माझं वजन झरझर उतरायला लागलं. हात थरथरायचे, बसल्या जागी छाती धडधडायची. डॉक्टरांनी थायरॉईडचा स्कॅन करायला सांगितला. मी, आमचे हे आणि सासूबाई बाळाला घेऊन सकाळीच तपासणी केंद्रात गेलो. हाताच्या शिरेत एक इंजेक्शन देऊन मला म्हणाले, "वीस मिनिटं बाहेर बसा."

बाहेर पोरगी भुकेनं लालबुंद झाली होती. मी तिला पदराखाली घेतलं. पोटभर प्याली.

मग स्कॅन झाला. उठताना तिथल्या माणसानं सहज विचारलं, "ताई, बाळ केवढं हाय?"

"अडीच महिन्यांचं. आत्ताच पाजून आले."

तो डॉक्टरांना बोलवायला धावला.

डॉक्टर आले, समोर बसले. "इंजेक्शनातलं औषध किरणोत्सर्गी असतं. थोडं दुधात उतरतं. आम्ही आधी विचारायला हवं होतं, चूक आमची. उद्या या वेळेपर्यंत पाजू नका, दूध पिळून टाका. आज तिला फार जवळही घेऊ नका."

"पण आत्ता प्याली त्याचं?"

"प्रमाण अगदी कमी असतं. बहुतेक काही होणार नाही."

त्या 'बहुतेक'नंतर मी बाळाला हातही लावला नाही. घरी येताना मी वेगळ्या रिक्षात बसले.

दुपारभर पोरगी रडत होती. बाटली तोंडात धरेना, चमच्यानं पाजलेलं थुंकून टाकी. मी दुसऱ्या खोलीत दार लावून बसले होते. तिचा आवाज आला की दूध आपोआप वाहायचं. ते मोरीत पिळून टाकताना मला रडू आवरत नव्हतं.

सासूबाई दारावर थापा मारत होत्या. "कसली किरणं न् काय! पाज की गं, पोरगी उपाशी मरंल!"

"आई, डॉक्टरांनी नको म्हटलंय," आमचे हे त्यांना परत परत सांगत होते.

रडणं ऐकून शेजारच्या काकू आल्या. त्यांचा मुलगा सहा महिन्यांचा होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आणा हिकडं. माझा एकटा किती पितोय?"

थोड्या वेळात घर गप्प झालं. दाराआड मला हायसं वाटलं आणि काकूंचा हेवाही वाटला. दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला मी तिला उराशी धरलं. आधी तिनं तोंड फिरवलं, मग पकडलं. माझ्या थायरॉईड ग्रंथीला बाळंतपणानंतरची सूज होती, ती काही महिन्यांत आपोआप उतरली. लेकीला काहीच झालं नाही. पण असलं औषध गळ्यातल्या ग्रंथीत साठतं, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ती शाळेत जायला लागल्यावरसुद्धा वेणी घालताना, गाठ लागतेय का बघत, माझी बोटं तिच्या गळ्यावरून फिरायची.

"आई, काय शोधतीस गं रोज?" एकदा तिनं विचारलं.

मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं.