जुबेदाचाचींचा आरसा

“दादा, आरसा पडला. आत्ताच्या आत्ता या.”

चौलहून रेश्माभाभींचा फोन. मी नागावच्या दुकानात काच कापत होतो. मी एवढंच विचारलं, “चाची?”

“पलंगावर बसल्यात. उठायला तयार न्हायत.”

सव्वीस वर्षं मी काचा आणि आरसे बसवतोय. माझ्या हातचा आरसा कधी पडला नव्हता. त्या दिवशी स्कूटर चौलपर्यंत कशी पोचली, मला खरंच आठवत नाही.

जुबेदाचाची म्हणजे रेश्माभाभींच्या सासूबाई. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, मुलगा कुवेतला. फिजिओथेरपिस्टने बजावलं होतं, वॉकर घेऊन रोज आरशासमोर चाला. पाठ वाकते का, पाय ओढला जातो का, हे आपलं आपल्याला दिसलं पाहिजे. नाहीतर तशीच सवय लागेल आणि वॉकर जन्मभर सुटणार नाही. खोलीत एका बाजूला खिडक्या, दुसरीकडे भिंतभर कपाटं. जागा उरली ती दरवाजाची, आतल्या अंगाने. म्हणून चार फुटी आरसा दरवाजावर लावायचं ठरलं.

मोठा आरसा दरवाजावर लावताना खाली अॅल्युमिनियमचं चॅनल स्क्रूने बसवतात. म्हणजे एक खाच असलेली पट्टी. आरशाचं वजन त्या पट्टीवर, सिलिकॉनचा गोंद फक्त मागून धरून ठेवायला. मी ड्रिल बाहेर काढलं आणि चाची पलंगावरूनच ओरडल्या.

“भोक पाडायचं न्हाय! पोराने नवा दरवाजा केलाय.”

“चाची, दोनच स्क्रू.”

“एक पन न्हाय.”

मी नरमलो. सिलिकॉन चांगलं होतं. आंबट वास येतो ते नव्हे, त्याने आरशाची पाठ खराब होते. आरशासाठी मिळतं ते वेगळं. दरवाजा स्पिरिटने पुसला. सनमायका नुसता चकाकत होता. आरसा चिकटवला, दोन दिवस टेप लावून ठेवला, मग टेप काढून स्वतः हाताने ओढून पाहिला. हलला नाही. खूश होऊन चहा प्यायलो. चाचींच्या टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत होता, फ्रिजच्या दारावर कंपनीची पारदर्शक फिल्म तशीच होती. मला मनातल्या मनात हसू आलं. आमच्याकडे नवीन वस्तूचं प्लास्टिक काढायला कोणाचा हात धजत नाही.

आणि आता चौथ्या दिवशी मी त्याच खोलीत उभा होतो. वॉकर आडवा पडलेला. त्याच्यावर आरसा पालथा. पाठीला सेफ्टी फिल्म होती, म्हणून तुकडे उडाले नव्हते.

“चपला घालाया बसल्या होत्या,” रेश्माभाभी म्हणाल्या. “वॉकर पुढे ठेवलेला. उठनार, तेवढ्यात आला खाली.”

चाची नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी आरसा उचलला. सिलिकॉन जिथल्या तिथे, घट्ट. त्याला एक पातळ, पारदर्शक कागद लटकत होता, जवळजवळ दरवाजाएवढा. दरवाजावर मात्र सिलिकॉनचा टिपूसही नव्हता.

“भाभी, हे काय?”

“दरवाज्याचं प्लास्टिक. अम्मींनी काढू दिलं न्हाय. डाग पडतील म्हनून.”

दरवाजाच्या कोपऱ्यात उरलेल्या प्लास्टिकखाली मी नख घातलं, ते सहज सुटलं. सनमायकावर ओरखडे पडू नयेत म्हणून कंपनी ही फिल्म लावते. तिचा गोंद सोलून निघण्यासाठीच केलेला असतो. मी सात किलोचा आरसा दरवाजावर लावलाच नव्हता, या प्लास्टिकवर लावला होता. सव्वीस वर्षांचा अनुभव! फ्रिजवरचं प्लास्टिक बघून हसलो आणि नाकासमोरचं मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेलं प्लास्टिक सोललं. खाली चॅनल, वर क्लिपा, सहा स्क्रू. या वेळी चाचींनी भोकांना हरकत घेतली नाही. नवा आरसा बसला. रेश्माभाभींनी वॉकर पुढे केला, पण चाची उठेनात.

“चाची, आता धोका नाही.”

“मग आधी तू चाल.”

मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. बावन्न वर्षांचा मी, वॉकर धरून आरशासमोर चाललो. दरवाजापर्यंत आणि परत, तीनदा. आरशात माझा पडलेला चेहरा दिसत होता.

“खाली काय बघतोस? पाठ सरळ कर,” चाची म्हणाल्या. मग भाभींचा हात धरून उठल्या आणि माझ्या हातातून वॉकर घेतला.

तेव्हापासून कुठल्याही दरवाजाला हात लावण्याआधी मी कोपऱ्यात नख घालून बघतो. आणि कोणी भोक नको म्हणालं, तर सांगतो, चालेल, पण आरशासमोर पहिले चार दिवस तुम्ही चालायचं.