उस्तादाची फुंकर

फरशी बसवणाऱ्यांत त्याला सगळे उस्ताद म्हणत, आणि सगळ्यांत आधी तो स्वतःच स्वतःला म्हणे. बाकीचे लोक कटरला पाण्याची नळी जोडत. त्याने धूळ बसे, पण पेन्सिलीची रेघ पुसली जाई. उस्ताद कोरडंच कापी. एक फुंकर मारली की धुळीखालची रेघ स्वच्छ दिसे आणि कटर तिच्यावरून तसूभरही ढळत नसे. मशीनबरोबर मिळालेली नळी त्याने बायकोला कुंड्यांसाठी देऊन टाकली होती. मास्क त्याच्याकडेही होता, पण गळ्यात. तोंडावर घेतला तर फुंकर कुठून मारणार?

लेकीच्या लग्नानंतर जावयाला त्याने हाताखाली घेतलं आणि हे कसब मोठ्या मनाने शिकवलं. जावई गुणी निघाला. त्यानेही मास्क गळ्यात घातला.

मग खोकला आला तो मुक्कामालाच. तिसऱ्या मजल्यावर चढताना उस्ताद दोनदा बुटाची नाडी बांधायला थांबू लागला. बुटांना नाडी नव्हती. शेवटी बायकोने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

तिथे एका नळीत जोरात फुंकायला सांगितलं. उस्तादाने छाती फुगवली.

"डॉक्टरबाई, मशीन मोडलं तर मला बोलायचं नाही हं."

मशीनला काही झालं नाही. पडद्यावरची रेघ जेमतेम चढली आणि तिने मान टाकली. तीनदा फुंकलं, तीनदा तेच.

"दगडाची धूळ फुप्फुसात बसलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गेलेलं परत येणार नाही. आता धुळीपासून लांब राहिलात तर उरलेलं जपता येईल. तुमच्याबरोबर धुळीत आणखी कोण असतं?"

तोवर उस्तादाला स्वतःचीच कीव येत होती. हा प्रश्न ऐकून मात्र त्याच्या डोळ्यांसमोर जावयाच्या गळ्यातला मास्क आला.

दुसऱ्या दिवशी तो कुंड्यांजवळची नळी घेऊन कामावर पोचला. जावई ओणवा होऊन फरशीवर फुंकर मारत होता, अगदी त्याच्यासारखीच. उस्तादाने आधी कटरची पिन काढली.

"काय झालं, मामा?"

उस्तादाने मशीनला नळी बसवली.

"अहो, रेघ पुसली जाईल ना!"

उस्तादाने खिशातून मेणाचा खडू काढून पुढे केला. "याने आखा. पाण्याने जात नाही."

जावई खडूकडे बघत राहिला. "हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

उस्तादाने खोकल्याची वाट पाहिली. एरवी न बोलावता येणारा, पण आज गरजेला काही आला नाही. लाजेने त्याचे कान तापले.

"माहीत होतं," तो म्हणाला. "पण मग मला उस्ताद कोण म्हणालं असतं?"

उस्तादाने पुढे होऊन त्याच्या गळ्यातला मास्क नाकावर चढवला.

"उद्या दवाखान्यात चला, जावईबापू. तिथे एका नळीत फुंकायचं आहे. तेवढी फुंकर माझ्यासारखी मारू नका म्हणजे झालं."