सहावे कांडे

माझी धाकटी बहीण कमल गेल्याचा निरोप कळसहून भाच्याने फोनवर दिला. "मामा, आई गेली." महिनाभराने बारामतीतल्या मंडळाने, जिथे ती बायकांना विणकाम शिकवी, शोकसभा घेतली आणि तिच्या नमुन्यांची पुस्तिका वाटली. "कमलताई फार प्रेमळ," असे एकीने सांगितले. साफ खोटे! एक टाका चुकला तर ती अख्खी बाही उसवायला लावी. मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "शेवटी त्यांची नजर अधू झाली होती. उसाच्या विणीतल्या चुका आम्ही छापताना सुधारल्या." टाळ्या वाजल्या. मी उभा राहिलो. शोकसभेत भांडू नये म्हणतात. मी भांडलो, आणि त्याचा मला यत्किंचितही पश्चात्ताप नाही.

ती वीण कमलने भर तारुण्यात, डोळे सुईसारखे तीक्ष्ण असताना, वरकुट्यात आमच्या बांधावर बसून रचली. हिरव्या लोकरीचे उभे ऊस, प्रत्येक कांड्याच्या जोडावर पिवळ्या उलट टाक्यांची कड. पहिला स्वेटर माझा. अंगात घालताच मी तिची चूक काढली.

"कमे, हितं माप चुकलं. सहावं कांडं आखूड झालंय."

"दादा, ऊस तुमी लावायचा आन् कांडी मी मोजायची व्हय? औंदा पाण्याची पाळी चुकली, ध्यानात न्हाय का? जावा, बघून या."

गेलो. पाहिले. बुडाशी आखूड कांडी, वर लांब, मध्येच एक थिटे, पुन्हा लांब... पाणी न मिळाल्याचे उसाला लपवता येत नाही. जन्म उसात काढलेल्या मला ते त्या दिवशी तिच्या सुयांनी दाखवले.

गेल्या आठवड्यात तोच स्वेटर मी अध्यक्षीणबाईंपुढे ठेवला. त्यांनी बोटाने ओळी मोजल्या, आणि म्हणाल्या, "आबा, तुमचं खरं हाय. पण पुस्तिका छापून झाल्या. आन् सारख्या ओळी बायकांना सोप्या पडत्यात."

सोप्या! त्या सोयीपायी माझ्या बहिणीची नजर अधू ठरली.

म्हणून हे येथे लिहितो. ज्यांच्या घरी ती पुस्तिका असेल, त्यांनी पेन घ्यावे. पान नववे, सहावे कांडे : 'बारा ओळी' खोडून 'पाच' करावे. पाचच. स्वेटर मांडीवर आहे. आत्ता पुन्हा मोजल्या.