रफूताई आणि नासपतीची रांग

बाप कपड्यांना रफू करायचा, लेक उपग्रहाच्या चित्रांना करते. म्हणून ऑफिसात तिला सगळे रफूताई म्हणतात. उपग्रहाचं एक चित्र रंगांच्या बाबतीत भलतं हुशार. आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या शेकडो छटा टिपून पान निरोगी की आजारी ते सांगतं, पण धूसर इतकं की एका ठिपक्यात चार झाडं मावतात. दुसरं काळंपांढरं, पण झाडन्‌झाड वेगळं दाखवणारं. या दोघांचा संसार जुळवून एकच लख्ख रंगीत चित्र करायचं, हे ताईचं काम.

नासपतीच्या बागेचं चित्र तिनं असं देखणं केलं की साहेब खुर्चीतून उठलेच. रोगट रांग लालभडक, कडा रेखीव. चित्र लगोलग बागमालकाकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी बागेचा राखणदार दारात उभा. हातात टोपी, पार चुरगाळलेली.

"चित्रवाल्या ताई तुम्हीच का? उद्या करवत येतेय. अख्खी रांग जाणार."

"काका, रोग पसरला तर बागच जाईल."

"तेही आहेच. रोज बघतो, झाडं हिरवीगार असतात. पण कालपासून मलाच ती फिकी दिसायला लागलीत. एवढ्या वरून बघणारा कशाला खोटं बोलेल?"

ताईला बाप आठवला. रफू झालं की बाप कापड उलटं करून उजेडात धरायचा. तिच्या कामातही तशी रीत होती: तयार चित्र मुद्दाम पुन्हा धूसर करायचं आणि मूळ रंगीत चित्राशी ताडून बघायचं. कौतुकाच्या नादात काल ती राहूनच गेली होती.

"बसा काका," म्हणत तिनं चित्रं ताडली. रांगेपाशी दोन्ही जुळेनात. मूळ रंगांत जवळजवळ सगळी झाडं ठणठणीत होती. रंगीत चित्र दुपारचं होतं, काळंपांढरं सकाळचं; शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली त्यात रांगेवर आडवी पसरलेली. कडा ठसठशीत याव्यात म्हणून ताईनं त्याच चित्राचं जरा जास्तच ऐकलं होतं, आणि सावली रोग होऊन बसली.

"साहेब, चूक माझी आहे. चित्र मागे घ्यायचंय."

"काल तर मिरवत होतीस!"

"मिरवले ना. आता मालकांना फोन लावा, मीच बोलते."

फोनवर तिनं निमूट बोलणी खाल्ली. करवत थांबली. मग तिनं दोन्ही चित्रं सांभाळून पुन्हा जुळवली, ताडली. या वेळी जुळली. लाल फक्त एकच झाड उरलं, रांगेच्या पार टोकाला.

"काका, हे एक मात्र खरंच आजारी दिसतंय."

राखणदार खाली बघू लागला. "कोपऱ्यातलं ना? माहितीये. रोगट फांद्या छाटून झाकत आलोय. एकाचं नाव घेतलं की ही माणसं रांगेला हात घालतात, म्हणून बोललो नाही."

"आता मालकांकडे एकाचंच नाव जाईल. शेजारचं निरोगी आहे, तेही चित्रात दिसतंय."

त्यानं पडद्यावरच्या त्या लाल ठिपक्यावर बोट टेकवलं. टोपी डोक्यावर घातली.

"मग ते मीच पाडतो, ताई. परक्याचा हात नको त्याला."